आक्काची उंडी

आक्का, तू चोर निघालीस.

एखाद्याच्या जाण्यावर लिहिताना पहिलं वाक्य असं असू नये, हे मला कळतं. चौतीस वर्षं शाळेत निबंध तपासले, सुरुवात कशी करावी हे मीच मुलांना शिकवलं. पण तुझं तेरावं होऊन आठ दिवस झालेत. भेटायला आलेली माणसं ओट्यावर बसून 'आक्का म्हणजे देवमाणूस' म्हणत चहा पिऊन गेली, आणि प्रत्येकासमोर मी मान डोलावली. आता इथे तरी मला खरं बोलू दे.

परवा सकाळी शेवंती आली. पलीकडच्या वाडीतली, आपल्या परड्यातलं गवत कापून नेणारी शेवंती. पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाईनू, औंदा सुरंगेचे कळे कोण काढतला? झाड नुसता भरान गेला हा."

"कसली सुरंगी?"

"तुमचीच. व्हाळाकडची."

"शेवंती, ती उंडी. आक्काने मला पान आणून दाखवलंय."

दुःखाने डोकं फिरलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाईनू, मगे आक्का गेली तीन वर्सां थंय बसान वळेसर कसले करी?"

मी हातातला कप खाली ठेवला. तीन वर्षं, आक्का! एका घरात, एका चुलीपाशी बसून तू तीन वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस. डोळ्यांत कसली, नाकातच म्हणायला हवं.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं की तू माझी थोरली नणंद. सव्विसाव्या वर्षी तुझा घोव, म्हणजे नवरा, गेला आणि तू माहेरी परत आलीस. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू चाळिशीला टेकली होतीस आणि घर तुझ्या शब्दावर चालत होतं. मी तुला 'आक्का, तुम्ही' म्हणाले, तर तू कांदा चिरता चिरता म्हणालीस, "माका 'तुम्ही' नको म्हणा गो बाय. सरकारी हापिसात इल्यासारख्या वाटता." त्या दिवसापासून 'तू'. सासूबाई असताना सुद्धा 'तू'.

आपलं पहिलं भांडण त्याच वर्षीच्या शिमग्यातलं. माझ्या आईने माहेराहून, वालावलहून, दोन वळेसर पाठवले होते. सुरंगीच्या कळ्या केळीच्या सोपात, त्या वाळलेल्या दोऱ्यात, घट्ट विणून केलेला तो गजरा ज्याने एकदा माळला, त्याला पुढे मोगरा फिका वाटतो. केळीच्या पानाची पुडी सोडली आणि घरभर वास झाला. एक मी माळला, दुसरा तुझ्यापुढे धरला. तू तो घेतलास. नाकाशी नेलास. जरा जास्तच वेळ नेलास, मी बघत होते. आणि मग देवघरात जाऊन लक्ष्मीच्या तसबिरीला घातलास.

"फुलां देवाक. माका कित्याक?"

झालं! माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आता काळ बदललाय, या रूढींना काही अर्थ नाही, फुलांवर सगळ्यांचा हक्क आहे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "भाषण सोमवारी शाळेत कर. आता भात वाढ."

पुढे दर हंगामात हेच. मी वळेसर पुढे करायची, तू देवाला वाहायचीस. त्या लक्ष्मीने आपल्या घरात जितकी सुरंगी घातली तितकी कुठल्या देवळात घातली नसेल.

आणि एकदा मी ती चूक केली. तुझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, मांडव बायकांनी भरलेला. तू पंगतीच्या पानांवर मीठ वाढत होतीस. मी मागून आले आणि न विचारता तुझ्या अंबाड्यात वळेसर खोचला. वाटलं, चार लोकांत तू काढणार नाहीस. तू हातातलं मीठ खाली ठेवलंस, हात धुतलास, अंबाड्यातून वळेसर काढून माझ्या हातात दिलास आणि पुढच्या पानावर वाढायला गेलीस. एक शब्द नाही. आठ दिवस एक शब्द नाही. नवव्या दिवशी "वाटप करूक खोबरा खवून दी" म्हणालीस आणि मी इतकी खूश झाले की माफी मागायची राहूनच गेली. मग ती राहिलीच, आक्का.

माझी आई गेली त्या पावसात मी वालावलहून एक रोप आणलं. आमच्या परड्यातल्या सुरंगीखाली उगवलेलं, चार पानांचं, करवंटीत मातीसकट बसवलेलं. एसटीत मांडीवर धरून इथे, आपल्या नांदगावपर्यंत आणलं. तू ते बघितलंस आणि खो खो हसलीस.

"सुरंगी खंय ती? उंडी ती! तुमच्या खाडयेक उंड्ये कमी आसत? वटवागळान बी टाकल्यान सुरंगेखाली, आणि ही मास्तरीण सुरंगी म्हणान उचलून घेवन इली."

आता वाचणाऱ्याला वाटेल, सुरंगी आणि उंडी यांत एवढा गोंधळ कसा? अहो, लहानपणी दोघी बहिणी वाटतात. तीच जाड, चकचकीत, तेल लावल्यासारखी पानं, तोच सरळ वाढायचा हट्ट, आणि वर्षाला वीतभरच उंच होण्याचा तोच आळशीपणा. उंडीही काही टाकाऊ नव्हे. तिच्या लाकडाच्या होड्या खाऱ्या पाण्यात टिकतात, बियांच्या तेलावर आमच्या आज्यांनी दिवे लावले, पांढरी फुलंसुद्धा सुंदर असतात. पण उंडी डोक्यात कोणी माळत नाही.

मी चिडले आणि म्हणाले, "लाव पैज."

तू गोठ्याजवळ उभी राहून जरा विचार केलास. "लावलंय. सुरंगी फुलली तर माळतलंय. उंडी निघाली तर परत जल्मात माका 'माळ' म्हणूचा नाय. आणि फूल येयपर्यंत कोणी काय बोलाचा नाय."

तुझा भाऊ, म्हणजे माझा नवरा, पायरीवर पेपर वाचत होता. साक्षीदार म्हणून त्याला विचारलं तर त्याने पेपर आणखी वर धरला.

तूच जागा निवडलीस. दगडी पायऱ्यांची घाटी उतरून खाली, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठावर, जिथे कपडे धुवायची चपटी दगडी फातर आहे तिथे. "उंडयेक पाणी लागता," म्हणालीस. सुरंगीलाही लागतं, मी मनात म्हटलं आणि गप्प बसले. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात तूच कळशीने पाणी घातलंस. उंडीसाठी एवढे कष्ट कोण घेतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

झाड वाढत राहिलं, आपण भांडत राहिलो. ते मोठं वादळ झालं तेव्हा दोन काजू आडवे झाले, हापूसची अर्धी कलमं मोडली, पण त्या झाडाची एक फांदी तेवढी गेली. तुझ्या भावाने ती तासून माझ्यासाठी काठी केली. कोयत्याची धार दोनदा लावावी लागली त्याला. आतून लाकूड लालसर, हाताला जड, सुकल्यावर ठोकलं तर टणटण वाजणारं. मी म्हटलं, बघ, सुरंगीच. तू म्हणालीस, "उंडीच. काठी धर आणि सरळ चल." तोवर माझे गुडघे गेले होते. चौसष्टची मी ओट्यावर आणि ऐंशीला आलेली तू रोज व्हाळावर, अशी आपली उलटी वाटणी झाली. घाटीच्या एकेचाळीस पायऱ्या माझ्यासाठी संपल्या. खालचं जग मला तुझ्या तोंडून कळू लागलं.

त्यात साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला तो परत आला नाही. माशाचं सार उकळतंय की करपतंय, कळेना. तू माजघरातून ओरडायचीस, "गो, वाटप लागला!" दूध नासलं का, फणस पिकला का, उदबत्ती कुठली, सगळं तू सांगायचीस. मी लोकांना कौतुकाने सांगायची, आता आक्काच माझं नाक. ते नाक फितूर निघेल हे मला काय माहीत.

मग त्या दिवाळीत माझी जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता कॉलेजात झाडांबद्दल शिकवते. आपली पैज ऐकून हसायला लागली. "बाई, फुलाची वाट कशाला बघताय? पान उन्हात धरा. उंडीच्या पानात शिरा अगदी जवळजवळ, सरळ, वहीच्या रेघांसारख्या. सुरंगीच्या पानात बारीक जाळी दिसेल." तिला गाडी गाठायची होती, नाहीतर तीच खाली जाऊन बघून आली असती.

मी तुला म्हटलं, उद्या येताना एक पान आण. तू म्हणालीस, हाडतंय. दुसऱ्या दिवशी, "इसारलंय." तिसऱ्या दिवशी, "हात पोचूक नाय." चौथ्या दिवशी, "काडलंय, पण वाटेर पडला." आठ दिवस असेच गेले. तेवढ्यात तुला डोळे दाखवायला मालवणला जावं लागलं. संध्याकाळच्या गाडीने परत आलीस आणि दुसऱ्या सकाळी व्हाळावरून येऊन माझ्या हातात पान ठेवलंस. मी ओट्यावर उन्हात धरलं. सरळ रेघा. दुरेघी वहीच जणू.

पान थोडं सुकलेलं होतं. मी म्हटलं, कमरेला खोचून आणलं असशील. मालवणच्या किनाऱ्याला उंडीची झाडं ओळीने उभी आहेत, हे भूगोलही शिकवलेल्या बाईंना त्या क्षणी आठवलं नाही!

मी हरले. एवढ्या वर्षांचा हट्ट, आईच्या परड्यातलं रोप, सगळं त्या एका पानापुढे संपलं. मी म्हटलं, "उंडी तर उंडी. तू जिंकलीस. आता नाही म्हणणार." मला वाटलं, तू आता वाडीभर सांगत सुटशील. पण तू माझ्या शेजारी बसलीस, माझा गुडघा चोळलास आणि म्हणालीस, "चाय ठेवतंय." तुझ्या जिंकण्यात कसलाही आवाज नव्हता. त्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

मी शब्द पाळला. त्यानंतर मी तुला एकदाही 'माळ गं' म्हटलं नाही. बाजारात वळेसर दिसला तर तोंड फिरवून पुढे गेले.

परवा शेवंती गेल्यावर मी तुझी ट्रंक उघडली. ती उघडायची हिंमत तेराव्यापासून होत नव्हती, रागाने झाली. वर नऊवारी, खाली दोन शाली, मी दिलेली आणि तू कधीही न नेसलेली ती मोरपंखी साडी. ती उलगडली तर घड्यांत तीन वळेसर. सुकलेले, तपकिरी पडलेले, पण विणीतला एक सोप सुटलेला नाही. सुरंगी सुकली तरी तिचा वास वर्षानुवर्षं जात नाही म्हणतात. मी तिन्ही नाकाशी धरले. काही नाही. मग खिडकीपाशी नेऊन नीट बघितले, आणि मधल्या वळेसरात गुंतलेला एक केस दिसला. लांब, पांढराशुभ्र.

आक्का, तू माळला होतास.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि आधी रडले, आणि मग हसायला लागले ते थांबेचना. तुझा भाऊ धावत आला. मी त्याच्यासमोर वळेसर धरले आणि विचारलं, "तुम्हाला तरी वास येत असेल ना? तीन वर्षं?"

"येय तर. घरभर येय."

"मग बोलला नाहीत?"

"आक्कान सांगल्यान, तिका बोल नको." चष्मा पुसत पुढे म्हणाला, "चाळीस वर्सां तुमच्या दोघींच्या मदी पडूक नाय. तेवाच कित्याक पडू?"

आता एकेक आठवतं. फाल्गुनात व्हाळावरून येताना तुझा अंबाडा नेहमी नव्याने बांधलेला असायचा. मी विचारलं, तर "वारो लागता." कपडे धुवायला दोन तास लागायचे. मी म्हणायची, म्हातारी झालीस, हात चालत नाहीत. तुझी बोटं पिवळी दिसली तर "हळद." आणि मी, दहा पिढ्या सुरंगीत वाढलेल्या घरातली मुलगी, परागाला हळद समजून गप्प बसले.

काल पहाटे उजाडता उजाडता मी घाटी उतरले. एका हाताला शेवंती, दुसऱ्या हातात तीच काठी. एकेचाळीस पायऱ्यांना पाऊण तास लागला. आणि मग बघितलं. आक्का, केवढं झालंय ते! खोड माझ्या दोन्ही पंजांत मावेना. पानं वर शेंड्याकडे, आणि त्यांच्या मागे फांदीच्या उघड्या लाकडालाच कळे, झुबक्यांनी, कुणी मुठीमुठीने चिकटवून ठेवल्यासारखे. गोल, पांढरट, देठाशी लालसर. ऊन यायच्या आत काढले नाहीत तर फुटतात, म्हणून शेवंती भराभर काढत होती. तिच्या हातून निसटलेला एखादा माझ्यासमोर फुटला आणि आतला पिवळा केसर बाहेर आला. वर मधमाश्यांची नुसती शाळा सुटली होती. मला वास आला नाही. पण त्यांना येत होता, त्यावरून मी अंदाज घेतला. एक पान तोडून उगवत्या उन्हात धरलं. जाळी. बारीक, सुरेख जाळी.

मग तुझ्या फातरीवर बसले. तिथून आपलं घर दिसत नाही. हे मला तेव्हा कळलं. ओट्यावरून तू दिसत नव्हतीस, आणि तुला ओटा दिसत नव्हता. समोर फक्त पाणी, आणि पाण्यात बघायला आपलं तोंड.

तिथे बसून मला तुझा राग आला आणि गेलाही. पैज तू हरलीस हे खरं. पण हरून माळलं असतंस तर तो माझा विजय झाला असता, आणखी एक भाषण झालं असतं, मांडवातल्या त्या दिवसासारखं पुन्हा माझ्याच हाताने तुझ्या डोक्यात फूल गेलं असतं. तुला कोणाच्या हुकमावरून फूल काढायचं नव्हतं आणि कोणाच्या हुकमावरून माळायचंही नव्हतं. माझं तोंड बंद करायला तुला मालवणहून एक पान आणावं लागलं, आणि ते बंद झाल्यावर तू माळलास. मी एवढी वर्षं 'माळ, माळ' म्हणत तुझ्या आणि त्या फुलाच्या मध्ये उभी होते. त्याची माफी, आक्का. मांडवातली आणि ही, दोन्ही एकदम मागते. आणि आभारही, कारण माझ्या आईच्या सुरंगीचं पहिलं फूल वाया गेलं नाही.

दुपारी कळे विणायला घेतले. बोटं विसरली नव्हती. दोन वळेसर केले. एक मी माळला, तुझ्या भावाने पेपर खाली करून बघितलं आणि "बरो दिसता" म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने काव्यच झालं. दुसरा घेऊन तुझ्या फोटोपुढे आले. सगळे म्हणतात फोटोला हार घाला. मी तुला हार घालणार नाही. फोटोत तुझं तोंड समोर आहे, अंबाडा मागे, तो दिसत नाही.

या वेळी मी विचारलं. "आक्का, माळू काय गो?" तू नाही म्हणाली नाहीस.

मग स्टुलावर चढले, गुडघ्यांना शिव्या घातल्या, फोटो जरासा पुढे ओढला आणि वळेसर मागच्या खिळ्याला अडकवला, बरोबर तुझ्या अंबाड्याच्या जागी. समोरून काहीही दिसत नाही. तुला तसंच आवडतं.

आज सकाळी शाळेतल्या दोघी शिक्षिका भेटायला आल्या होत्या. ओट्यावर पाय ठेवताच एकीने मान वर केली आणि विचारलं, "अगंबाई, वास कसला येतोय एवढा?"

मी तुझ्याकडे बघितलं, आणि म्हटलं, "काही नाही हो. आक्काची उंडी फुललीय."